दारावरचा लाल पुठ्ठा

८ नोव्हेंबर, शनिवार. खटकचिंचोळी

प्रज्ञाचा फोन. तिच्या हॉटेलात नोकरमाणसाच्या घरच्यांना वर्षातून सहा दिवस राहू देतात म्हणे. चार वर्षांत तिनं एकदाबी ते दिवस घेतले न्हाईत. आज म्हणली, "आई, माझ्या नावावर सहा दिवस पडून हायत. येतीस का?" मी म्हणले, "येते." इतकं पटकन म्हणले की तिनं परत विचारलं, येतीस ना?

शेजारच्या शांताक्कांनी विचारलं, पोरगी काय करती तिथं? मॅनेजर झालीय, म्हणले. चार वर्षं हेच सांगायलेय. खरं म्हणजे हाउसकीपिंगला हाय. पलंग लावणं, खोल्या झाडणं, संडास धुणं, आणि आता बाकीच्यांकडून ते करून घेणं.

जायचं कारण एकच. एक वाक्य बोलून यायचं. चार वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला, विहारासमोर पंगत बसलेली, सगळी गल्ली जेवायलेली, पोरीनं हॉटेलातल्या या नोकरीचं सांगितलं आणि मी तिला म्हणले, "माझ्या आईनं पाटलाचं अंगण झाडलं ते तू लोकांचे संडास घासावेस म्हणून न्हाई." ताट तसंच ठेवून उठली. त्याच संध्याकाळी भालकीला जाऊन गाडी धरली. तेव्हापासून घरी पाय न्हाई. फोन रोज येतो, सव्वासातला. जेवलीस का, जेवले. गोळी घेतलीस का, घेतली. संपलं.

चुकलं म्हणायचंय. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, डॉक्टरला तोंडावर सांगायचे की तुमचं चुकलं. स्वतःचं सांगायला जीभ उचलत न्हाई.

१० नोव्हेंबर, सोमवार. हॉटेल

रात्रभर रेल्वे, मग बेंगळूरहून बस. घाटाची वळणं संपता संपेनात. दोनदा ओकले.

पोचले तर प्र. दारातच उभी. राखाडी कोट, केस घट्ट बांधलेले, छातीवर नावाची पट्टी. बारीक झालीय. मी पिशवी खाली ठेवून पुढं झाले, तर तिनं हात जोडले. "वेलकम मॅडम." मागं तिचा साहेब उभा होता म्हणून. कळलं मला. तरी लागलंच.

खोली २०४. उंबऱ्यापर्यंत आली, आत न्हाई. नियम हायत इथले. कामाशिवाय पाहुण्याच्या खोलीत बसायचं न्हाई. पाहुण्याच्या टेबलावर जेवायचं न्हाई. आई असली तरी पाहुणीच. ती राहती खाली, नोकरांच्या खोल्यांत, चौघींत एक खोली. तिथं आपण जायचं न्हाई.

"दिवसभर दिसत राहीन की," म्हणली.

११ नोव्हें., मंगळ.

खिडकी अख्ख्या भिंतीएवढी. पडदा ओढला तर डोंगर. एकामागं एक, मोजले, सात. सातवा हाय का ढग, कळत न्हाई. खाली कॉफीचे मळे. आमच्याकडं नजर तुरीवरनं सुटली की थेट आभाळाला टेकते, मधी कुणी अडवत न्हाई. इथं जिकडं बघावं तिकडं डोंगर आडवा. छान हाय, खोटं कामून बोलू. पण दोन तास बघून झाल्यावर काय करायचं बाईमाणसानं?

पाचलाच उठले होते, सवय. पलंग लावून टाकला. चादरीचे कोपरे ट्रेनिंगला शिकवलेले, पाकिटासारखे दुमडून गादीखाली. बाथरूम पुसून कोरडी केली. कप धुतला.

दाराच्या मुठीला एक पुठ्ठा लटकतो. एका अंगाला हिरवा, एका अंगाला लाल. हिरवा म्हणजे या, साफ करा. लाल म्हणजे येऊ नका. लाल लावला. माझ्या मागं माझी पोरगी किंवा तिच्या हाताखालची बाई झाडू फिरवंल, हे मला बघवणार न्हाई.

प्र. दोनदा दिसली, लांबून. एकदा हसली.

१२ नोव्हें., बुध.

जेवायला खाली गेले. टेबल दोघांचं. वेटरनं विचारलं, मॅडम एकट्याच? हो म्हणल्यावर समोरचं ताट, ग्लास उचलून नेला. बरोबरच हाय त्याचं. पण आता कुणी येणार न्हाई हे असं ताट उचलून सांगायचं असतं का.

सगळी जोडपी. डोंगराकडं पाठ करून फोटो काढतात. एकीनं माझ्याच हातात फोन दिला, आंटी काढा. काढले, चार. माझं बिदरचं कन्नड ऐकून रिसेप्शनवरची पोरगी तोंडावर हात धरून हसली. "या" म्हणायला मी "बर्री" म्हणते, हे लोक "बन्नी" म्हणतात. म्हणू देत.

एक शोध लागला. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात गाल टेकवून बघितलं की खाली पायवाट दिसते, धुणं धुवायच्या इमारतीकडं जाणारी. प्र. तिथून जाते येते. नऊ ते अकरा चार वेळा गेली. सात डोंगर सोडून मी ती वाट बघत बसलेय. काचेवर माझ्या गालाचा डाग पडला, पुसला.

संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. "काही लागलं तर फोनचं नऊ दाब."

"मला काय लागायचंय."

"टॉवेल तरी बदलून घे."

"धुऊन वाळत टाकलाय."

मान हलवून खाली गेली. मला वाटलं, खूश झाली असंल. आईनं एक काम वाचवलं तिचं.

१३ नोव्हें., गुरु.

धुकं. डोंगर गायब, वाटबी गायब. खिडकीत पांढरं, नुसतं पांढरं. आज प्र. दिसली न्हाई.

आरशासमोर उभं राहून वाक्य म्हणून बघितलं. "प्रज्ञा, माझं चुकलं." हजेरीला ओ दिल्यासारखं वाटलं. "बेटा, त्या दिवशी मी..." हे तर माझं तोंडच न्हाई. बेटा म्हणले न्हाई कधी तिला.

सव्वासातला फोन वाजला. प्र. "जेवलीस का?" एकाच छताखालून. मी वर, ती खाली. मी म्हणले, जेवले. ती म्हणली, गोळी? म्हणले, घेतली. फोनवर न्हाई बोलायचं ते, असं ठरवून आलेय, म्हणून न्हाई बोलले. की नुसती भ्याले, देव जाणे. आम्ही तर देवबी मानत न्हाई.

इतकं एकटं घरी वाटत न्हाई. घरी एकटी असते तेव्हा ती लांब असते. इथं ती जवळ हाय.

१४ नोव्हें., शुक्र.

आजचं नीट लिहायचं.

बाहेर व्हरांड्यात मंजुळा भेटली. या मजल्यावरची सफाईची बाई, इथल्याच गावची. तिचं कन्नड मला कळतं, माझं तिला निम्मं. चादरींची गाडी ढकलायली होती. थांबून म्हणली, "अम्मा, एक विचारू? मॅडमवर रागावलाय का तुम्ही?"

कोण मॅडम, म्हणले. प्रज्ञा मॅडम, म्हणली.

मग तिनं सांगितलं. २०४ तिच्या यादीत होती. प्र.नं ती खोली काढून स्वतःकडं घेतली. वरच्या जागेवर गेल्यापासून, दोन वर्षं झाली, प्र. स्वतः खोल्या करत न्हाई. ही एक मागून घेतली. साहेबाला सांगून, रोज साडेदहाला, अर्धा तास. "रोज गाडी घेऊन येतात. लाल पुठ्ठा बघतात. थोडं थांबतात. मग गाडी परत घेऊन जातात."

लाल असला की बेल वाजवायची न्हाई, हाबी नियमच.

खोलीत आले आणि पलंगावर बसले. चार दिवस. रोजचा अर्धा तास. कामाचं निमित्त करून आईजवळ बसायची सोय तिनं करून ठेवली होती, आणि मी दाराला लाल लावून आत कप धुवायले. तिला काय वाटलं असंल? आईला अजून माझ्या कामाची घाण वाटते. माझा हात लागू देत न्हाई.

आणि खरं सांगायचं तर तेच होतं की. काम वाचवायचं वगैरे मी नंतर जोडलं.

खूप रडले. लिहून ठेवते, कारण कुणाला सांगणार.

१५ नोव्हें., शनि.

पाचला उठले आणि पलंग लावला न्हाई. हे लिहायला सोपं हाय. चादर चुरगळलेली तशीच. ओला टॉवेल जमिनीवर टाकला, मग उचलला, मग परत टाकला. कप उष्टा. पुठ्ठा हिरवा केला. सहापासून साडेदहापर्यंत खुर्चीत बसून राहिले, हात मांडीखाली घालून.

बेल वाजली. दारात गाडी, हातात रबरी मोजे. "हाउसकीपिंग," म्हणली सवयीनं. मग पलंगाकडं बघितलं, टॉवेलकडं बघितलं. "आई, बरं न्हाई का तुला?"

"बरी हाय. कर तू."

आधी बाथरूम घेतलं. त्याचं दार उघडंच होतं. गुडघे टेकून संडासाचं भांडं घासायली होती. मला माझी आई दिसली, कमरेत वाकून अंगण झाडणारी. डोळे मिटून घ्यावे वाटले. मिटले न्हाईत.

बाहेर आली, मोजे बदलले, चादर झटकली. कोपरा धरून पाकीट दुमडलं. हुबेहूब माझं.

"कोर्सला शिकवलं हे?"

"तू शिकवलंस. तिसरीत होते. घरी कुणी नव्हतं म्हणून वॉर्डात न्यायचीस मला. इथं माझ्या सगळ्या बायका कोपरा असाच घालतात."

मग बोलले. "प्रज्ञा, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं." आरशासमोर म्हणलं होतं त्यापेक्षा वाईट आलं.

तिचा हात थांबला. मग म्हणली, "पलीकडचा कोपरा धर."

धरला. दोघींनी लावला पलंग. बोलायला लागली ती चादरीकडं बघतच. "तू बेडपॅन उचलायचीस. मी वर्गात सांगायचे, माझी आई नर्स हाय म्हणून. तुझं ते सेवा, आणि माझं कामून घाण?"

आता लिहिताना एवढं सुचतंय की माझ्या आईला कुणी विचारलं नव्हतं, झाडतीस का म्हणून. हिनं स्वतः हे काम धरलं. तेव्हा सुचलं न्हाई.

उशीला खोळ घालता घालता म्हणली, "बोललीस ते सगळ्या गल्लीपुढं, आई. आणि चुकलं म्हणायलीस दार लावून."

रागानं न्हाई म्हणली. राग असता तर बरं झालं असतं. कमरेचं यंत्र वाजलं, कुठल्या तरी खोलीत पाणी येईना. गेली. अर्धा तास व्हायला सात मिनिटं कमी होती. जाताना दोन टॉवेल जास्तीचे ठेवून गेली.

डोंगर सगळे स्वच्छ दिसायलेत आज. सातवा डोंगरच हाय.

१६ नोव्हें., रवि. बसमधी

निघताना साहेब नव्हता. तरी हात जोडले तिनं. मग माझ्या पिशवीची चेन उघडी होती ती ओढली, पिशवीवर हात ठेवून उभी राहिली. बस हलली. एप्रिलला येतीस का, हे ओठावर आलेलं गिळलं. कुठल्या तोंडानं विचारू.

१८ नोव्हें., मंगळ. घरी

शांताक्का दारात आल्या. कशी हाय पोरगी, मॅनेजरबाई? म्हणले, "मॅनेजर न्हाई हो. खोल्या साफ करायची, संडास धुवायची, आता तेच बारा बायकांकडून करून घेते. मी खोटं सांगत होते."

उंबऱ्यावर टेकल्या. मग म्हणल्या, "कायकच हाय ना सिस्टर. कायकात काय वंगाळ?" त्यांच्यात कामाला कायक म्हणतात, पूजेसारखं मानतात. त्यांच्या आईनं पाटलाचं अंगण कधी झाडलं न्हाई, म्हणायला सोपं जातं. पण मनापासून म्हणल्या. चहा दिला त्यांना.

हे एका दारातलं झालं. गल्ली बाकी हाय.

२३ नोव्हें., रवि.

विहारात वंदना झाली. बाया सतरंजीवर बसलेल्याच होत्या, मी उभी राहिले. पोलिओचं सांगायला उभी राहायचे तशी.

म्हणले, "चार वर्षांपूर्वी इथं बाहेर पंगतीत मी माझ्या पोरीला तिच्या कामावरनं बोलले, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते माझं चुकलं. ती तेच काम करते, चांगलं करते. ती मॅनेजर झाली म्हणून मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं."

प्र.ची शाळेतली मैत्रीण रेखा माहेरी आलीय, पोर मांडीवर घेऊन माझ्याकडं बघतच राहिली. मागून कुणीतरी म्हणलं, "बसा की सिस्टर, पाय दुखतील." बसले. मग चौकातल्या नळाला पाणी येत न्हाई त्याच्यावर बोलणं सुरू झालं.

प्र.ला कळवलं न्हाई. कळवलं असतं तर ते तिच्यासाठी केल्यासारखं झालं असतं. संध्याकाळी फोन आला, नेहमीचाच.

२४ नोव्हें., सोम.

सकाळी पलंग लावताना कोपरा दुमडला आणि तशीच बसले थोडा वेळ.

सव्वासातला फोन. "जेवलीस का?" जेवले. "गोळी?" घेतली. मग "ठेवते" म्हणायची वेळ आली, ती म्हणली न्हाई.

"रेखाचा मेसेज आलाय," म्हणली.

मी म्हणले, बरं.

मागं गाडीची चाकं वाजत होती, कुणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारली, तिनं ओ दिली न्हाई. एप्रिलचं मी विचारलं न्हाई. ती रडायली होती की नुसती उभी होती, कळायला मार्ग नव्हता. मी फोन कानाला धरून पलंगावर बसले होते. तिनं ठेवला न्हाई, मीबी ठेवला न्हाई.