मुठीतला चार्जिंग जॅक

रविवार, २८ सप्टेंबर २००८
तलवारीच्या मुठीतला जॅक पुन्हा हलतो. तिसऱ्यांदा काढला. मामा चार्जरची वायर धरून हिसका देतो, पिन धरून काढ म्हणून किती वेळा सांगितलं. "बैल आवरलंय मी, वायरीचा काय घेऊन बसलास?" दत्तूमामा, आईचा भाऊ, जूचंद्र गावच्या मंडळाच्या नाटकात राजा होतो. कोजागिरीच्या प्रयोगात देवी त्याच्या हातात तलवार देते आणि ती पेटते. पेटवायचं काम माझ्याकडे. पारदर्शक नळीत निळे एलईडी, लाकडी मुठीत मोबाईलची जुनी बॅटरी, बुडाशी बारीक पिनचा जॅक.
आज जॅकच्या सगळ्या पायांना सोल्डर, वरून दोन ट्यूबा कालवून करायचा पक्का गोंद.

मंगळवार, ३०
घट बसले. तलवार जूचंद्रला पोचवली. मामाने अंगणात फिरवली. मामी म्हणाली, "राजा कसला, ट्यूबलाइट बदलाया आलेला वायरमन दिसतंय." मूठ गार होती. दोनदा हात लावून पाहिला.
फुलपाड्याला दुकानात आल्यावर आठवलं, डावीकडचा सोल्डरचा एक डाग चकाकत नव्हता, म्हणजे कच्चा. की सावली होती? आता गोंदाखाली आहे. बघता येणार नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. दसरा
मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातली पूजा उरकून मामाकडे सोनं द्यायला गेलो. कोयता, विळा, पहार, सगळं पाटावर. तलवारीचीही पूजा झालेली. हळद, कुंकू, अक्षता, फुलाने पाणी. म्हटलं मामी, पाणी कशाला?
"सगल्या हत्यारांवर पानी शिंपडला, हिच्यावर नको? ही काय सवतीची हाय?"
जॅकच्या भोकात ओलं कुंकू. पुसायच्या आत मंडळाची माणसं आली आणि वाजवत देवळात घेऊन गेली. आता देवीपुढे. प्रयोगाच्या दिवशीच मामा उचलणार, तोवर कोणी हात लावायचा नाही. दरवर्षी लाकडी असायची, तिला हे चालायचं.

शुक्रवार, १०
दुकानात एका जुन्या जॅकमध्ये ओलं कुंकू भरून बॅटरीला जोडून ठेवलं. दुपारपर्यंत पिन हिरवी, जॅक कोमट. कोमटच. पण बंद मुठीत, बॅटरीला चिकटून, आणि वरून मामाची पकड...
शेठ म्हणाले, "मोबाईल राहू दे, हळदीकुंकवाचं दुकान टाक."

रविवार, १२
मामाला सांगितलं, उघडावी लागेल, हात भाजेल.
"देवीपुढची काढायची? आनि लोकांना काय सांगू, भाचा घाबरला?"
जेवण गेलं नाही. मामी बघत होती.

मंगळवार, १४. कोजागिरी
दुपारी मामीचा फोन. "मानूस आजारी पडला त डॉक्टर घरी येतोच ना? तू देवलात ये. मी बोललंय सगल्यांशी."
नवीन जॅक, सोल्डर, सोल्डरिंग गन घेऊन गेलो. देवीपुढेच बसलो. गनसाठी स्पीकरच्या बोर्डावरून वायर घेतली. गोंद खरवडला. सोल्डरमधल्या राळेचा धूर निघाला तसे एका आजीने हात जोडले. डावा डाग खरंच कच्चा होता. जॅक काढताना मुठीतल्या छोट्या सर्किटवरची तांब्याची एक रेघ उचकटली. तिच्या जागी वायर टाकली. नवा जॅक पक्का बसला, ओढून पाहिला.
पण बॅटरी. मधे किंचित फुगल्यासारखी. फुगलेली बॅटरी आगही धरते. आधीपासून होती? आठवत नाही. जॅक आणला, बॅटरी आणायचं सुचलं नाही. आता फुलपाड्याला जाऊन यायला वेळ नाही. मूठ बंद केली.

त्याच दिवशी, रंगपटात
मामा मिशी लावतोय. बॅटरीचं सांगितलं. आरशातूनच म्हणाला, "आग लागली त देवीचा कोप, नाय लागली त भाच्याच्या हाताचा गुन. माझा नाव कुठंच नाय."
हसलो नाही. मग त्यानेही हसणं आवरलं.
"यंदा मंडल बोलत होता, राजाचा काम तरन्या पोराला द्या, दत्तू म्हातारा झाला. मी बोललो, माझी तलवार बघा आधी." मिशीवर बोट दाबून धरलेलं. "बोल आता. ही नेऊ, का पेटीतली लाकडाची?"
मला लिहायचं आहे असं सांगून वही काढली.
तलवार मांडीवर आहे. दोनदा पेटवली, दोनदा विझवली. मूठ गार. आत्ता गार आहे. बाहेर नांदी सुरू झाली. मामा मुकुट घालून समोर उभा आहे, तलवारीसाठी हात पुढे करून.