ओवाळायचा मान

१० फेब्रुवारी १९७३, शनि.
शिवणाच्या तासाला कमळ मशीनवर नुसती बसून. पाय हलेना. बोर्डिंगातली सगळ्यात तोंडाळ पोर ही! फादरांच्या बंगल्यावर झाडायला जाणार नाही म्हणाली. का गं? मग बोलली. ते इथं लिहवत नाही. फादरांचं नावही लिहीत नाही, शाई बाटेल. तिची आई सरजाबाई दुष्काळी कामावर खडी फोडते, तिला निरोप धाडला.

१२ फेब्रु., सोम.
सरजाबाईला घेऊन मदरकडे गेले. शाळा, कॉन्व्हेंट, बोर्डिंग, सगळं त्यांच्याच हातात. इतक्या वर्षांत मला साधं पाणी विचारलं नाही, आज दोघींना कपबशीतून चहा. तेव्हाच काय ते समजले. "प्रार्थना करा. चव्हाट्यावर आणलंत तर पोरीचंच लग्न अडेल." सरजाबाईनं चहाला हात लावला नाही. मी अर्धा प्याले. जीव जळला माझा.

२० फेब्रु., मंगळ.
फादर गेले. म्हणे प्रकृतीसाठी बदली. चांगला बैलासारखा धडधाकट माणूस! कुठं गेले, कोणी सांगेना. मदर म्हणतात, ते मोठे फादर ठरवतात, आपण विचारायचं नसतं.
कमळ आईबरोबर घरी. मिशनचा मिलो, ती अमेरिकेची लाल ज्वारी, वाटतात तिथं सरजाबाईला कोणी सुनावलं, मिशनचं खाऊन मिशनलाच नावं ठेवतेस. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमचा मिलो. हात हायेत मला." या दुष्काळात! मला नसतं जमलं.

१३ मार्च, मंगळ.
रविवारी मोठे फादर येणार. फादर लोकांच्या संघाचे प्रमुख, बदल्या करणारे तेच.
आमच्याकडे पाहुणा ओवाळून घेतल्याशिवाय फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही, नि ओवाळायचा मान घरोघर फिरतो. यंदा सरजाबाईचं घर! मदर म्हणाल्या, दुसरी कोणी बघा. बायका अडून बसल्या. म्हातारी मार्थाबाई म्हणाली, "मान तिचा हाय. ती न्हाई तर कुनीच न्हाई." ताट माझं देणार आहे, पितळी.

१८ मार्च, रवि.

ताशा वाजत होता. मोठे फादर जीपमधून उतरले, पांढरा झगा, हसरे. सरजाबाई ताट घेऊन पुढे झाली नि थांबली.
"मोठं फादर, एक इचारते. त्या फादरला जिथं धाडलं, तिथं पोरींचं बोर्डिंग हाय का?"
ताशा थांबला. मदर म्हणाल्या, "सरजाबाई, ओवाळा."
"ओवाळते की. आदी जबाब यिऊ द्या."
मोठ्या फादरांनी मदरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग अगदी हळू, "आहे."
म्हणजे ठाऊक होतं. ठाऊक असून धाडलं!
तिनं ताट फाटकात मधोमध ठेवलं, निरांजन तसंच जळत. "मग आदी तिकडं जा. तेला पोरींतनं काडा. मंग हिकडं या, मी ओवाळीन." ओरडली नाही, रडली नाही. ताट उचलायला एकही बाई वाकली नाही. मीही नाही. आणि मोठे फादर, एवढा माणूस, ते ताट ओलांडू शकले नाहीत. जीपमध्ये बसले नि गेले.
गुडघे टेकण्यात जन्म गेला माझा. देव उभा राहत असेल तर असाच राहत असेल, दंड घालून सांधलेल्या लुगड्यात, सोललेल्या हातांनी. बाकी काय लिहू...

१ एप्रिल, रवि.
मोठ्या फादरांकडून काही कळलं नाही. शिवणाची नोकरी संपली, क्वार्टर महिनाअखेर सोडा, असा मदरचा हुकूम. अपेक्षित होतं.
सरजाबाई आली होती. "बाई, जाताना ताट माज्यापाशी ठिवा. मोठं फादर आले तर लागंल."
म्हटलं, "आणि नाहीच आले तर?"
"तर मी जाते की. तेवढं ते बोर्डिंग कुठल्या गावात हाय, इचारून ठिवा."
मिशनच्या जीपच्या ड्रायव्हरनं त्या फादरांना पोचवलंय, त्याला माहीत असणार. तो बोलणार नाही. पण त्याच्या बायकोला शिवण मीच शिकवलंय. उद्या तिच्याकडे जाऊन बसते.