गुरुवारच्या तासाचं राहिलेलं उत्तर

प्रिय मॅडम,

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. टेबलावर तुमचा फोटो होता, त्याला झेंडूचा हार. प्राचार्य बोलले, दोन प्राध्यापक बोलले. मग माईक आमच्याकडे वळवून विचारलं, "माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी दोन शब्द बोलतं का?"

कोणी उठलं नाही. मीपण नाही. मग दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. ते मात्र आम्ही फार छान पाळलं, मॅडम! गप्प बसण्यात आमच्या बॅचचा हात कोण धरणार?

लाज वाटली. घरी आल्यावरही ती जाईना, म्हणून लिहायला बसलेय. तुम्ही होतात तोवर जे तोंडातून निघालं नाही, ते आता कागदावर काढतेय. तुम्ही म्हणाल, वर्षा, उशीर केलास गं. केलाच.

आमचा पहिला गुरुवार आठवतो तुम्हांला? बी.ए.चं दुसरं वर्ष, इंग्रजी बोलायचा तास. तुम्ही इंग्रजीत एकेकाला नाव विचारलं. नाव तरी सांगावं की नाही! आम्ही बाकावर कोरलेली अक्षरं वाचत बसलो. निम्म्यांच्या घरी झाडी बोली, नदीपलीकडून होस्टेलला आलेल्या मुलींच्या घरी गोंडी. पुस्तकातलं मराठी बोलतानाच जीभ अडायची, तिथं इंग्रजीचं काय घेऊन बसलात!

पुढच्या गुरुवारी तुम्ही वर्गात शिरलात त्या गोंडी बोलतच. होस्टेलच्या मुलींकडून आठवडाभर पाठ करून आला होतात. वरोऱ्याच्या बाईच्या तोंडात ती गोंडी! मागच्या बाकावरच्या मुली तोंडात ओढणी कोंबून हसायला लागल्या, मग सगळा वर्गच सुटला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "हसा, पोट भरून हसा. झालं माह्यावर हसून? मंग आता तुमची पाळी."

तेव्हापासून तोच नियम. आधी मॅडमची गोंडी, मग आमची इंग्रजी. बोलणारा खाली बसेपर्यंत त्याची चूक कोणी काढायची नाही.

आणि मनीषा मडावी! माझ्या शेजारी बसायची ती. पहिलं अख्खं वर्ष कुणाशी मराठीतसुद्धा बोलली नव्हती. दिवाळीच्या आधी ती आपणहून उठली आणि आजीबरोबर मोहाची फुलं वेचायला जाते ते इंग्रजीत सांगितलं. "मॉर्निंग वुई गो. मोहा फॉल, टप, टप, टप. ग्रँडमदर पिक, आय पिक." एवढंच. तुम्ही खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिलात. आम्हांला कळलं नाही असं वाटलं का तुम्हांला?

दिवाळीनंतर कळलं की तपासणीला समिती येणार आहे आणि तिला तुमचा तास दाखवणार आहेत. मुलं बोलताना दिसली तर तास पुढच्या वर्षी चालू राहील आणि तुम्हीही राहाल, नाहीतर दोन्ही नाही. हे तुम्ही आम्हांला सांगितलं नव्हतंत. शिपाईकाकांनी सांगितलं. तुम्ही सांगितलं असतंत तर? नको, तुमच्यावर नाही ढकलत.

आदल्या दिवशी आम्ही एस.टी.च्या स्टँडवर बैठक घेतली. आमच्याकडे मुलगी पाहायला पाहुणे आले की घरातला एकच जाणता माणूस बोलतो. बाकीचे मान खाली घालून बसतात, भलतंसलतं तोंडातून जाऊ नये म्हणून. आम्हांला वाटलं, मॅडमला पाहायला पाहुणे येतायत. तेव्हा रीत तीच.

"एकच जण बोलन," सुधाकर म्हणाला. "वर्षा बोलन. तिचं इंग्रजी साफ आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मनीषा तेवढी म्हणाली, "मले मोहाचं सांगू द्या ना. मॅडमले आवडलं होतं ते."

मी काय म्हणाले ते तुम्हांला कधी कळलं नाही. आता लिहिते. मी म्हणाले, "तुह्या टप टपले हसतीन ते लोक. मॅडमचं नाक कापशीन तू."

तिला गप्प करायला एवढंसं वाक्य पुरलं, मॅडम. तिला बोलतं करायला तुमचे कितीतरी गुरुवार गेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाच्या दारात रांगोळी काढली. सुधाकरनं घरून टेबलावर घालायला चादर आणली. तीन पाहुणे मागच्या बाकावर बसले. तुम्ही नेहमीसारखी गोंडीनं सुरुवात केलीत आणि कोणी हसलं नाही. पाहुण्यांसमोर मॅडमवर हसायचं? तुम्ही क्षणभर गोंधळून आमच्याकडे पाहिलंत. मग विचारलंत, कोण बोलणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी वहीकडे.

शेवटी एक पाहुणे स्वतःच पुढे आले. चांगले होते हो बिचारे. माझ्यापाशी थांबून त्यांनी सोप्यातलं सोपं विचारलं, "व्हॉट डिड यू ईट टुडे?"

मला येत होतं! अख्खं वाक्य तयार होतं. आय एट राइस अँड ड्राय फिश. आम्ही ढीवर, बाबा गावच्या तलावात जाळं टाकतात, सकाळी भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी खाऊन मी एस.टी. पकडली होती. पण त्या इस्त्रीच्या शर्टासमोर सुके झिंगे कसे सांगायचे? पोहे म्हणावं का? उपमा म्हणावं? उपम्याला इंग्रजीत काय म्हणतात? मी माझ्याच घरचं जेवण तोंडातल्या तोंडात बदलत बसले आणि वेळ निघून गेली.

तेव्हा मनीषा उठायला लागली. खरंच उठत होती. अर्धी उभी राहिली होती. मी बाकाखालून तिचा हात धरला आणि खाली ओढला.

हे तुम्ही पाहिलं नाहीत. तुमच्या बाजूनं फक्त मुक्या पोरांचा वर्ग दिसला असणार.

पाहुणे जाताना म्हणाले, "मुलं लाजाळू आहेत." तुम्ही म्हणालात, "हो सर." नंतर तुम्ही आम्हांला रागवाल असं वाटलं होतं. काऊन नाही रागावलात? रागावला असतात तर कोणीतरी रडत सगळं ओकलं असतं. तुम्ही फळा पुसलात आणि म्हणालात, "माझंच चुकलं. तुम्हांला नको होतं, मीच जबरदस्ती केली." आणि आम्ही तेही ऐकून घेतलं! शहाणी बाळं!

तास बंद झाला. तुम्ही वरोऱ्याला परत गेलात.

एकदाच भेटलात त्यानंतर, वरोऱ्याच्या स्टँडवर. हातात भाजीची पिशवी होती. माझी चौकशी केलीत, बाबांची केलीत. मग आवाज खाली आणून विचारलंत, "खरं सांगशीन वर्षा, तुम्हांला माही भीती वाटत होती का?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. इतकंच. सांगायला हवं होतं की मॅडम, आम्हांला भीती तुमची नव्हती, तुमच्यासाठी होती. आमच्या मोडक्या इंग्रजीनं तुमचं नाव खराब होईल याची होती. गाडी लागली आणि मी चढले. पुढची गाडी अर्ध्या तासानं होती. ती घेतली असती तर माझं काय बिघडलं असतं?

मग गेल्या आठवड्यात तुमच्या तापाची आणि लगोलग तुम्ही गेल्याची बातमी आली. आपण भिंतीशी बोललो असं समजूनच तुम्ही गेलात. मला तेच सहन होत नाही.

काल सभेनंतर मनीषाचा फोन आला. ती आता हेमलकशाच्याही पुढे एका गावात लहान मुलांना शिकवते.

"बोलली का तू?" तिनं विचारलं.

"नाई."

"काऊन?"

मी विषय बदलून तिच्या वर्गाचं विचारलं. ती म्हणाली, "इथली माडिया बोली मले धड येत नाई. मी वर्गात तेच बोलते. पोरं हसतेत. मंग ते मराठी बोलतेत. मॅडमले सांगाचं होतं मले हे. राहून गेलं."

ऐकलंत ना, मॅडम? तुमचा तास बंद झालेला नाही. आणि तो चालवणारी कोण, तर जिचा हात मी खाली ओढला होता ती. मी फोनवरच तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे ना. तेरवीले चाल."

तुमच्या भावाशी बोलले. ते म्हणाले, "या, तेरवीला दोन शब्द बोला, आईला बरं वाटेल." तर मॅडम, आम्ही दोघी येतोय. आधी मनीषा बोलेल, मोहाचं, टप टपसकट, आणि मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसेन. मग मी उठेन. तुमच्या आईला समितीच्या दिवसाचं सगळं सांगेन, मान खाली न घालता. कोणी हसलं तर हसू देईन. आणि बसायच्या आधी तुमच्या तासाचं राहिलेलं उत्तर देईन, मोठ्यानं, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं:

मॅडम, आय एट राइस अँड ड्राय फिश. माय फादर कॅच. व्हेरी टेस्टी.

तुमची,
दुसऱ्या बाकावरची वर्षा