आवाज नॉर्मल

३ जानेवारी १९९४, सोमवार
आजपासून टेस्टिंगला. डायनो माझ्या ताब्यात. इंजिन शाफ्टनं डायनोला जोडायचं, पाण्याच्या जोरानं अडवायचं, ते किती ताकद लावतं ते काट्यावर वाचायचं. सोपं काम. फुल लोडला इंजिन किंचाळतं. पाय थरथरले, पण ते जमीन हलत होती म्हणून.

४ जानेवारी
संकल्प : प्रत्येक इंजिन दहा मिनिटं फुल लोडवर. काट्याजवळ उभं राहून.

५ जानेवारी
दारात उभा राहिलो. तिथून काटा दिसत नाही. पण अनुभवी माणसाला आकडा अंदाजानं कळतो. मला दोन दिवसांचा अनुभव आहे. लोडही अर्धाच ठेवला. इंजिन नवं असतं, त्याला जपावं.

७ जानेवारी
फोरमन आप्पासाहेबांनी माझी आकड्यांची वही पाहिली. म्हणाले, पुंजाराम, सगळी इंजिनं सारखीच कशी रे ओढतात? म्हणालो, सायेब, क्वालिटी.

८ जानेवारी
शाफ्टातून कट्‌ कट्‌ आवाज. वाकून बघणारच होतो, तेवढ्यात चहाची घंटा. वहीत लिहिलं : आवाज नॉर्मल.

१० जानेवारी
आवाज वाढला. शेजारच्या डायनोवर बन्सी असतो. नामांतराच्या मोर्चात लाठ्या खाल्ल्या, जेलात जाऊन आला. तो म्हणाला, लई घाम फुटलाय तुला, भ्याला का? म्हणालो, छे, उकडतंय. थंडीचे दिवस आहेत, हे नंतर लक्षात आलं.

१२ जानेवारी
निश्चय : उद्या आप्पासाहेबांना शाफ्टाचं सांगायचं. पण मग आठ तारखेला काय केलंस, असं विचारतील. शब्द नीट जुळवायला हवेत.

१३ जानेवारी, सकाळी ७
ताप आहे. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, आतला आहे. शिवाय शहरात नामांतरावरून तणाव, शहागंजात पोलीस. बन्सीला निरोप धाडला. त्याचा उलट निरोप आला, व्हय, तुझा डायनो मी बघतो.

सकाळी १०
बन्सी फुल लोड देणार. तो खरंच देतो.

सकाळी १०.२०
पुंडलिकनगरच्या चौकातून कंपनीला फोन लावला. गेटवरच्या वॉचमननं उचलला. म्हणालो, बन्सीला सांगा... तो म्हणाला, काय सांगू? फोन ठेवला. परत लावला, एंगेज.

दुपारी २
बायको सारजा बाजारातून ऐकून आली. शाफ्ट तुटला. तुकडा बन्सीच्या हातात घुसला. हात वाचला, दोन बोटं गेली. ती म्हणाली, बरं झालं, तुम्ही घरी होता.

१५ जानेवारी, शनिवार
दवाखान्यात गेलो. काल विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, वॉर्डात पेढे. बन्सीच्या आईनं, आवडाबाईंनी, मला खुर्ची दिली. म्हणाल्या, आजारी असून आलास, बाबा. बन्सीनं डाव्या हातानं पेढा भरवला. म्हणाला, वही वाचूनच लोड दिला मी. मग हळूच विचारलं, पुंजा, तुला आवाज आला व्हता का रे?

तोंडात पेढा होता. मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. त्याला कळलं असावं. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.