तिसरा आग्रह

३ फेब्रुवारी

नाही सांगितलं. आजही नाही!

आर्विड सकाळी बुटांवरचा बर्फ झटकत ऑफिसात आले, मी कॉफी ओतून दिली, तोंड उघडलं आणि मी बोलले काय तर थंडीबद्दल. दुलूथमध्ये, फेब्रुवारीत, थंडी! भित्री कुठली.

आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ दोन वर्षं रखडलाय. नोव्हेंबरच्या वादळांतून मालवाहू जहाज सरोवरापार न्यायचं, एवढाच खेळ. पण तिसरं वादळ आलं की सगळं ठप्प. माझ्यासोबत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तिओचा एकच धोशा — “मरीट, नव्या भाषेत लिहू या सगळं. रस्टमध्ये. जुन्याला ठिगळं लावून लावून गोधडी झालीये.” जुनं म्हणजे सी प्लस प्लस. जुनं म्हणजे आर्विड! ओळ न् ओळ त्यांची. रस्ट त्यांना येत नाही आणि चौसष्टाव्या वर्षी शिका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? नवी भाषा आली की आर्विड घरी बसणार. कॉलेजात मला पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवला तो त्यांनी. सुरुवातीला आमच्या कंपनीला कुणी जागा देईना तेव्हा स्वतःचं तळघर दिलं. आणि मी निघालेय त्यांना घालवायला.

७ फेब्रुवारी

चोरी. दुसरा शब्द नाही.

तिओ आणि मी तीन वादळं रस्टमध्ये लिहून पाहतोय, आर्विडना न कळवता. आज चाललं! लाटेवर लाट, जहाज डुललं, पण ठप्प नाही झालं. तिओ नाचला. मीही नाचले. तेवढ्यात दारात आर्विड — “काय गं, लॉटरी लागली?” मी स्क्रीन हातानं झाकली. हातानं! शाळेतल्या पोरीसारखी.

वर त्यांची दुरुस्ती माझ्यापुढे पडून आहे. आमच्यात एकानं काही बदललं की दुसऱ्यानं वाचून होकार द्यायचा, मगच ते खेळात जातं. नव्यानं लिहायचं ठरलं तर ती कचऱ्यातच जाणार, म्हणून मी उघडूनही पाहिली नाही. ते म्हणतात, “सावकाश बघ, घाई नाही.” घाई नाही म्हणे! शिव्या द्या हो एकदा.

१६ फेब्रुवारी

जोलीननं, म्हणजे आर्विडच्या बायकोनं, जेवायला बोलावलं. ओव्हनमधून काढलेली गरमागरम हॉटडिश, मग रूबार्बच्या आंबटगोड वड्या. शेवटची वडी उरली.

“घे गं.” “नको, पोट भरलं.” “अगं घे.” “नको, खरंच.” “घे म्हणते ना!” — मग घेतली. आम्हा मिनेसोटाच्या लोकांचं हे असंच. पहिल्या दोन नकारांना कुणी धरत नाही. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलतो.

निघताना दारात हिय्या केला. “आर्विड, सगळं नव्या भाषेत लिहायचं म्हटलं, तर तुम्हाला वाईट वाटेल?”

“छे! तुम्ही पोरं ठरवाल ते.”

“खरंच?”

“खरंच गं. माझं काय एवढं?” नजर बुटांच्या नाडीवर.

माझं काय एवढं! पुढे विचारवेना. जोलीन गाडीपर्यंत आली. “त्याला नीट विचार हं,” म्हणाली. विचारलं ना, म्हटलं. गाडीत रडले.

२० फेब्रुवारी

तिओवर उगाच खेकसले. त्याचा काय दोष? दोष माझा.

१ मार्च

ठरलं! नव्यानं लिहायचं नाही.

आधी आर्विडची दुरुस्ती वाचली, एकदाची. झकास आहे. तिसरं वादळ पार होतं. पाचव्यात पुन्हा ठप्प, म्हणजे अजून दीड वर्षाचं काम, तेही आर्विडशिवाय कुणाला न जमणारं. असू दे. तिओ भडकला. “एका माणसापायी सगळा खेळ बुडवतेस! त्यांना विचारलंस तरी?” दोनदा विचारलं, म्हटलं. त्यांचं तोंड बघून कळतं मला.

खेळाची वाट बघणाऱ्या खेळाडूंना पत्र गेलं : जुन्याच भाषेत, आर्विडच्याच हातून, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. नक्की. मग सगळ्यांसमोर जाहीर केलं. आर्विड म्हणाले, “अच्छा. बरं झालं. बरंच झालं.” चष्मा पुसत बसले. भरून आलं असेल.

कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

४ मार्च

काल जोलीन दुकानात भेटली. म्हणाली, “मे महिन्यात कायमचं उत्तरेला, ईली गावच्या आमच्या केबिनवर जायचं होतं गं आम्हाला. दोन वर्षं वाट बघतोय. आपण सोडलं तर पोरीचं जहाज बुडेल, म्हणून हा गप्प. त्या दिवशी दारात तू विचारायला लागलीस, वाटलं, आता सुटला. अजून एकदा विचारायचं होतंस.”

आज आर्विड नेहमीसारखे आले. बूट झटकले.

“अजून कॉफी?” “नको.” “घ्या ना.” “नको, खरंच.”

पत्र गेलंय. तिसऱ्यांदा नाही विचारलं.