छत्तीस शपथा

३ मार्च १९८७, हाँगकाँग
पेपरात गुन्हेगारांच्या गुप्त टोळ्यांना परत ‘ट्रायड’ म्हटलंय. आमचा शब्दच नाही हा. स्वर्ग, धरती, माणूस या त्रिकोणावरून गोऱ्या साहेबांनी पाडलेलं नाव. गल्लीतले लोक म्हणतात काळा समाज. ते स्वतःला म्हणवतात हुंगचं घराणं. संपादकाला पत्र टाकलं. शाळा चौथीपर्यंत, पण बावीस वर्षं हेच वाचतोय.

९ मार्च
छापलं! एक स्वल्पविराम खाल्ला. बायको म्हणाली, “कौतुक पुरे. असले कागद घरात सापडले तरी तुरुंग आहे.” अभ्यासक वेगळा, सभासद वेगळा, हे तिला समजावलं. “मला नका सांगू, पोलिसांना सांगा.”

१४ मार्च
दुकानात फुंगदादा. मासळीबाजार याच्याच मुठीत. मयतासाठी जाळायचे, मी केलेले कागदी बंगले न्याहाळत उभा राहिला. मग अगदी नरमाईने — “यिपमास्तर, पत्र वाचलं तुमचं. आमचा विधी सांगणारा म्हातारा गेला. नवे लोक घ्यायचेत, आणि शपथा उरल्यात अकरा. पाच झेंडे करून द्या, आणि या एकदा.”
नाही म्हणालो. ठाम.

१५ मार्च
अकरा! छत्तीस आहेत.

२१ मार्च
गेलो. नुसतं बघायला. भर दुपारी, त्याच्या बर्फाच्या गोदामात. तलवारीच्या जागी मासे कापायचा सुरा — चालवून घेतलं. पण माझेच झेंडे, आणि उलटे लावलेले! उतरवून सरळ लावले. मग शपथाही मीच सांगितल्या, ओळीने. सहा दांडगे हमाल गुडघ्यांवर. फुंगदादाने डोळे पुसले. “बापानंतर आज ऐकलं हे सगळं.”

२ एप्रिल
धाड पडली. फुंगदादा आणि सहाही जण आत. माझं नाव कुणी घेतलेलं नाही. घेणारही नाहीत — त्या छत्तिसांत ती एक शपथ आहेच. बायकोने माझ्या टिपणवह्या परवा वारलेल्या चेउंग आजोबांसाठी केलेल्या कागदी बंगल्यात कोंबल्या. उद्या जळतील. बावीस वर्षं. ही रोजनिशी तेवढी राहिली.

५ एप्रिल
इन्स्पेक्टर तामचा फोन. माझं पत्र त्याने कापून ठेवलंय. आरोपींचा वकील म्हणतो, विधी नव्हताच तो, नुसता पोरखेळ — निम्म्या शपथा गायब, झेंडे उलटे. “जाणकार म्हणून तुमचं मत हवंय.” उद्या येतो.
बायको म्हणाली, “अहो, पोरखेळ होता एवढंच म्हणा. तेही सुटतील, तुम्हीही.”
सोपं आहे. म्हणेन.

६ एप्रिल
ताम खाली गाडीत थांबलाय. बायको माझे कपडे पिशवीत भरतेय. तामशी मी फक्त दोन वाक्यं बोललो. शपथा छत्तीसच्या छत्तीस होत्या. झेंडेही सरळ होते.