समुद्रात तडतडणारा टाकणखार

प्रिय शालन,

परवा मंगल अंदमानच्या बोटीची तिकिटं घेऊन आली. एक तिचं, एक माझं. समोर ठेवून म्हणाली, "अप्पा, आता भट्टीचं कारण सांगायचं नाही." लेक तुझीच शोभते. म्हणून आज तुला लिहायला बसलो. तुझ्याशी बोलल्याशिवाय मी त्या पाण्यात उतरणार कसा?

आधी एक बातमी. तू गेलीस तेव्हा आपण मद्रासला राहत होतो, आता मी चेन्नईत राहतो. घर तेच, गल्ली तीच, खाली सोनं-चांदी गाळायची आपली भट्टीही तीच. पोरवयात आटपाडीहून इथं यायला केवढे हाल झाले होते माझे, आणि ह्या खेपेला जागचं न हलता गाव बदललं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

ती आपली अंदमानची सहल आठवते तुला? शेजारचे राव आणि रावमामी बरोबर होते. मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. तुझ्या आटपाडीच्या बोलीला हसायच्या आणि स्वतः निम्मं तमिळ बोलायच्या. त्या छोट्या बेटापाशी होडी थांबली, आणि होडीवाल्या मुरुगननं काचेचे रबरी चष्मे आणि तोंडात धरायच्या नळ्या काढल्या. चष्मा लावायचा, नळीनं श्वास घ्यायचा, पाण्यावर पालथं पडून खालचं पोवळ्यांचं रान बघायचं. पोवळं मी जन्मभर अंगठीत बघितलेलं. त्याचं रान असतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

तुझे डोळे चमकले ते मी बघितलं. दुष्काळी गावात एकट्या तुझ्या वडिलांच्या विहिरीला पाणी टिकायचं. पाठीला डबा बांधून तू तिथं पोहायला शिकलीस. लग्न होऊन मद्रासला आलीस, तर इथं पाणी म्हणजे टँकर आणि त्याच्यापुढं घागरींची रांग. इतक्या वर्षांनी पोहण्याजोगं पाणी समोर आलं होतं.

मामी म्हणाल्या, "अय्यो शालनबाई, नऊवारीत पोहायचं कसं?"

तू काष्टा आवळत म्हणालीस, "मामी, तुमच्या गोल साडीत कसं पोहायचं ते सांगा."

आणि मग तू ती नळी हातात घेतलीस, वास घेतलास, आणि मुरुगनला परत दिलीस. "दहाजणांच्या तोंडातली. उष्टी आहे."

"अगं, साबणानं धुतलीय," मी म्हणालो.

"साबणानं खरकटं जातं. उष्टं जात नाही."

सगळी होडी खोळंबली. ऊन चढत होतं, मुरुगन परतायचं बोलायला लागला. तुझी नजर पाण्यावरून हलत नव्हती आणि हट्टही सुटत नव्हता. मला वाटलं, गेलं हे हिच्या हातचं. आणि तेवढ्यात तू माझ्याकडे वळलीस.

"तुम्ही वापरा आधी. तुमचं उष्टं मला चालतं. इतकी वर्षं तुमच्याच ताटात जेवतेय."

राव खाकरले. मी नळी तोंडात धरून लगेच परत दिली, तर म्हणालीस, "असं नाही. पाण्यात जाऊन."

शालन, मला पोहता येत नाही हे तुला पक्कं माहीत होतं. मी होडीत बसून सगळ्यांच्या चपला राखणार हेही माहीत होतं. ते उष्ट्याचं खरं किती आणि मला पाण्यात घालायचं निमित्त किती? कितीदा विचारलं. नुसती हसायचीस.

उतरलो. कमरेइतकं पाणी, आणि मागून माझा सदरा तुझ्या मुठीत. तोंड पाण्यात घातलं, पण डोळे घट्ट मिटलेले. कान मात्र कोण मिटणार? मुशीत सोन्यावर टाकणखार टाकला की तडतडतो ना, हुबेहूब तसा आवाज. चहूकडून. मध्येच कोणीतरी कडाकडा काही फोडत होतं. मी धडपडत उभा राहिलो.

"काय दिसलं?"

"दिसलं काही नाही. खाली भट्टी पेटलीय कोणाची तरी."

तू नळी घेतलीस आणि निघालीस. आधी आपल्या विहिरीतल्यासारखी मान वर काढून, मग हळूच तोंड पाण्यात. हिरवं लुगडं पाठीवर फुगलेलं आणि वर नळीचं टोक. तू लांब लांब गेलीस आणि सावकाश वळून आलीस. मुरुगननं विचारलं, "एंद ऊरु, अम्मा?" कुठल्या गावच्या? त्याला वाटलं, बाई कोळ्याघरची असणार. तू म्हणालीस, "किणरु." विहीर! माझी छाती त्या दिवशी जी फुगली, ती अजून उतरलेली नाही.

परतीच्या वाटेवर तू सांगत होतीस, मी ऐकत होतो. शेरडू बाभळीच्या शेंगा खातं तसा एक पोपटी मासा दगड चावत होता. "कडाकडा ऐकलंत ना, तो हा. पण तुमचा टाकणखार कोण तडतडवतं ते काही दिसलं नाही. पुढच्या खेपेला तुम्ही डोळे उघडा. दोघं मिळून शोधू."

पुढची खेप मीच ढकलत राहिलो. लग्नसराई, मग दिवाळी, मग पुन्हा लग्नसराई. तू मात्र वाट बघत बसली नाहीस. बर्मा बाजारातून घासाघीस करून स्वतःचा चष्मा आणि नळी आणलीस, आणि तांबरमच्या पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीत मंगलला शिकवलंस, गल्लीतल्या पोरींना शिकवलंस. त्या पोरींच्या आया अजून तुझं नाव काढतात. मी फक्त काठावर बसून ऐकायचो. आणि त्या दिवशी मला आधी पाण्यात घालणारी तू, जाताना मात्र मला न विचारता पुढं गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

आता ऐक. त्याच विहिरीत मंगलनं माझ्या पाठीला डबा बांधला. पोरं हसली, हसू देत. आता डब्याशिवाय तरंगतो. मान वर काढून, तुझ्यासारखाच.

काल मंगलनं तुझी नळी कपाटातून काढली. तोंडात धरायच्या रबरावर तुझ्या दातांच्या खुणा आहेत. ती साबण घेऊन घासायला निघाली होती. मी म्हणालो, "राहू दे. तिचं उष्टं मला चालतं."

ह्या खेपेला डोळे उघडे ठेवीन, शालन. टाकणखार कोण तडतडवतं ते बघून येतो आणि तुला सांगतो.

तुझा,
हणमंत
(उखाण्याबाहेर एकदा तरी नावानं हाक मारायची होतीस.)